पुस्तकाखालची ताटली

माझ्या ब्लॉगवर ‘लेखकांसाठी’ म्हणून एक पाटी आहे. तिथे मी साफ लिहिलंय, की पुस्तक खुशाल पाठवा, पण कधी वाचून होईल ते विचारू नका. आवडलं तर लिहीन, नाही आवडलं तर गप्प बसेन. आणि पुस्तकाशिवाय दुसरं काहीही पाठवू नका. हे शेवटचं वाक्य मी ठळक केलंय, तरी कोणी वाचत नाही. अख्ख्या जगाने आपलं लिखाण वाचावं म्हणून जीव टाकणारी माणसं दुसऱ्याच्या चार ओळी वाचायला तयार नसतात, हे मला या ब्लॉगने शिकवलं.

एकजण मला ‘आदरणीय समीक्षक महोदय’ म्हणतो. ब्लॉगवर माझा फोटो आहे, नाव शाहिनाज़ आहे, तरी महोदय! दुसरा रोज सकाळी निरोप पाठवतो, ‘सुप्रभात, कितव्या पानावर आहात?’ जणू मी त्याच्या घरी पोळ्या लाटायला राहिलेय. पोर्ट सईदच्या एका कवीने मायक्रोबसच्या ड्रायव्हरबरोबर कवितासंग्रह पाठवला आणि सोबत खारवलेले मासे. आमच्याकडे टपालावर कोणाचा विश्वास नाही, सगळं ड्रायव्हरच्या हाती येतं. त्या ड्रायव्हरने आमच्या दुम्यात शहरातल्या बसअड्ड्यावरून मला फोन केला.

“दक्तूरा, तुमचं पाकीट आलंय. पळत या.”

“दुकान सोडून कशी येऊ? संध्याकाळी येते.”

“संध्याकाळपर्यंत मी जिवंत राहत नाही. पाकिटाला वास सुटलाय, उतारू माझ्या अंगावर धावून येतायत!”

माझं औषधांचं दुकान आहे, म्हणून सगळं गाव मला दक्तूरा, म्हणजे डॉक्टरीणबाई म्हणतं. त्या दिवशी खोकल्याच्या औषधासाठी उभी असलेली गिऱ्हाइकं तशीच ठेवून मी पळाले. तो संग्रह मी खिडक्या उघड्या टाकून वाचला. आणि सांगू का, चांगला निघाला. त्यातल्या दोन कविता मला अजून पाठ आहेत.

म्हणून मी कितीही कुरकुरले तरी खरं सांगायचं तर मला या लोकांचे उपकार वाटतात. माझा दिवस गोळ्या मोजण्यात आणि ‘हे औषध उधारीवर नाही मिळत’ सांगण्यात जातो. आणि कुठला तरी शाळामास्तर नोकरीवर जाण्याआधी पहाटे उठून, दोन-चार वर्षं झिजून काहीतरी लिहितो आणि ते पहिल्यांदा माझ्या हातात ठेवतो. माझ्या! माझी काय लायकी? मी ना प्राध्यापक, ना कोणी. पण त्याला वाटतं, ही बाई खरं बोलेल. तेवढ्यावर मी दिवस काढते.

खरं बोलण्याचीच पंचाईत झाली ती उस्ताज़ इस्मत यांच्या पुस्तकामुळे.

उस्ताज़ इस्मत आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. आम्ही चौथ्यावर, ते पाचव्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. बंदरावरच्या कस्टम कचेरीत त्यांनी जन्मभर पेट्या उघडून तपासल्या, आणि निवृत्त झाल्यावर कादंबरी लिहिली. स्वतःच्या पैशाने छापून यंदाच्या कैरोच्या पुस्तकजत्रेतही ठेवली. नाव ‘हृदयबंदरातलं वादळ’. नाव ऐकूनच मी कपाळाला हात लावला.

पुस्तक घेऊन त्यांच्या पत्नी स्वतः आल्या, तांत इन्शिराह. तांत म्हणजे मावशी. निळ्या काठाची चिनी मातीची ताटली, तिच्यावर तुपातली गुरय्यिबा बिस्किटं रचलेली आणि वर दिमाखात कादंबरी. आतल्या पानावर हिरव्या शाईने लिहिलेलं, ‘आमच्या इमारतीच्या लेखणीस, सन्मानपूर्वक.’

“तांत, माझा नियम आहे. पुस्तकाबरोबर काही घेत नाही.”

“मग पुस्तक तू घे,” त्या म्हणाल्या, “बिस्किटं तुझ्या आईला. तिचा ब्लॉग आहे का?”

आईने तोवर दोन तोंडात टाकली होती.

इथे आईबद्दल सांगायला हवं. तिचं नाव करीमान. गुडघे गेलेत, चार जिने उतरणं तिला जमत नाही, वर्षभर ती घराबाहेर पडलेली नव्हती. मी सकाळी दुकानात जाते ती रात्रीच येते. आईचं जग म्हणजे गॅलरी आणि तांत इन्शिराह. दुपारची अजान झाली, की पाचव्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली खाली यायची आणि आमच्या गॅलरीशी थांबायची. तिच्यात गच्चीवरच्या कुंडीतला पुदिना असायचा. पुदिना आला की आई किटली ठेवायची, आणि चहा होईतो तांत सूर्यफुलाच्या बिया घेऊन दारात हजर. मग दोघी संध्याकाळपर्यंत अख्ख्या दुम्यातची धुणी धुवायच्या. बाबा गेल्यापासून आई जगली ती या चहावर, माझ्या औषधांवर नव्हे. हे मी औषधवाली असून सांगते.

कादंबरी मी वाचली. एक पाशाची मुलगी, एक गरीब इंजिनियर, चंद्र, उसासे, पुन्हा चंद्र. प्रत्येक वाक्य इस्त्री करून टाय लावून उभं. मी जांभया देत सातव्या प्रकरणापर्यंत आले आणि उठून ताठ बसले.

सातव्यात नायिकेची दाई आपल्या लहानपणची गोष्ट सांगते. समुद्रकाठच्या एज़्बेत अल-बुर्गमधलं कोळ्याचं घर. वादळ उठलंय, बापाची होडी परतलेली नाही. आईने तपकिरी कांद्याचा भात शिजवून भांड्यावर झाकण घातलंय. होडी दिसेपर्यंत ते झाकण कोणी उघडायचं नाही. उघडलं म्हणजे घरधन्याची वाट पाहणं सोडलं. आणि दहा वर्षांची भुकेली पोर गुपचूप झाकण उचलते, एक घास खाते, आणि मग घाबरून बोटांनी भात सारखा करत बसते. एक खड्डा बुजवायला जाते तर दुसरा पडतो. ‘बाबा बुडाले तर माझ्या या घासाने बुडाले.’ दुसऱ्या दिवशी बाप चिंब होऊन येतो, झाकण उघडतो आणि हसत विचारतो, “या भातावरून कोणती मांजर चालत गेली?”

ते वाचून मी रडले. मग आठव्या प्रकरणात पुन्हा चंद्र उगवला.

माझ्या नियमाप्रमाणे मी गप्प बसायला हवं होतं. पण लांबच्या गावच्या लेखकासमोर गप्प बसता येतं, एकाच जिन्यात राहणाऱ्यासमोर कसं बसणार? उस्ताज़ रोज भेटायचे. विचारायचे काही नाहीत, नुसते घसा साफ करायचे. शिवाय ती ताटली! दिलेली ताटली रिकामी परत करायची नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. ती आमच्या ओट्यावर ठाण मांडून बसली होती आणि आई येता-जाता तिच्याकडे बोट दाखवायची.

“शाहिनाज़, दुसऱ्याची ताटली किती दिवस ठेवायची? लोक म्हणतील, करीमानच्या घरात ताटल्या नाहीत.”

शेवटी आईने रव्याची बसबूसा केली, ताटली भरली, आणि मी ती घेऊन वर गेले.

उस्ताज़नी मला बैठकीत बसवलं. तांत कॉफी करायला आत गेल्या. ताटलीकडे न बघताच ते म्हणाले, “दक्तूरा, गोड बोलणारे मला कचेरीत खूप भेटले. तुझा ब्लॉग मी पहिल्यापासून वाचतो. मला तुझं खरं मत हवंय.”

आता माणसाने स्वतःहून मान पुढे केली तर काय करायचं? मी सांगितलं. जमेल तितकं मऊ सांगितलं, पण सांगितलं. “उस्ताज़, कादंबरी मला आवडली नाही. तिच्यातली माणसं बोलत नाहीत, भाषण करतात. पण सातवं प्रकरण सोन्यासारखं आहे. ते झाकण, तो भात, ती बोटं! तसं प्रकरण मी कित्येक वर्षांत वाचलं नाही. बाकी सगळं फेकून द्या आणि तिथून सुरुवात करा.”

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आत स्वयंपाकघरात कप खळकन फुटला. मी वाट पाहिली, पण कॉफी आलीच नाही. उस्ताज़ नुसतं “शुक्रन” म्हणाले आणि दार उघडून उभे राहिले. आमच्याकडे पाहुण्याला कॉफी न पाजता उठवत नाहीत. मी काय समजायचं ते समजले.

दुसऱ्या दिवसापासून टोपली थांबेना. म्हणजे यायची, पण आमच्या गॅलरीसमोरून सरसर थेट खाली भाजीवाल्याकडे जायची आणि तशीच वर जायची. रविवारी मी घरी होते तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. आई कठड्याशी खुर्ची लावून बसली होती. टोपली खाली जाताना तिने हात किंचित पुढे केला, मग मागे घेतला आणि ओढणीशी चाळा करत बसली. किटली गॅसवर ठेवलेलीच होती.

उस्ताज़नी रक्तदाबाच्या गोळ्याही समोरच्या दुकानातून घ्यायला सुरुवात केली. पिशवी अशी धरायचे, की मला लांबूनही दिसावी. त्याचं मला काही वाटलं नाही. पण आईने हळूहळू जेवण कमी केलं, दुपारी पडून राहायला लागली, आणि मग एके संध्याकाळी तिचा बांध फुटला.

“तू त्यांना काय सांगितलंस?”

“खरं.”

“खऱ्याला आग लागो! तुझं खरं येणार आहे का माझ्याबरोबर चहा प्यायला?”

“आई, त्यांनीच विचारलं.”

“बायको विचारते ‘मी जाड झाले का’, तेव्हा नवरा वजनकाटा आणतो का गं? पाच तारे देऊन टाक त्या पुस्तकाला! तारे काय तुझ्या बापाच्या घरचे आहेत? आभाळात पडलेत ढिगाने.”

मला हसू आलं आणि मग आलं नाही. कारण ती रडत होती. मी लॅपटॉप उघडला. आईसाठी एक खोटं, एवढंच. ‘हृदयबंदरातलं वादळ हे एक तेजस्वी रत्न असून’ इथपर्यंत लिहिलं आणि हात थांबला. मला त्या पहाटे उठणाऱ्या मास्तरांची आठवण झाली, पोर्ट सईदच्या कवीची आठवण झाली. हे रत्न, तर त्यांच्या पुस्तकांना मी काय म्हटलं होतं? मी एकदा खोटं बोलले, की मागचं सगळं खरंही पातळ होणार. पुसलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं.

“काय लिहितेस?” आईने विचारलं.

“काही नाही.”

“त्यात एवढं वाईट आहे तरी काय? वाच बघू मला.” आईला मोतीबिंदू आहे, बारीक अक्षर दिसत नाही.

वाईट वाचून तिला आणखी कशाला छळू, म्हणून मी सातवं प्रकरण काढलं. झाकणापर्यंत आले तेव्हा ती उशीवरून उठून बसली. भुकेली पोर भात सारखा करू लागली तशी आई माझ्याही आधी पुढचं बोलायला लागली. “एक खड्डा बुजवला की दुसरा... आणि बाप म्हणतो, कोणती मांजर चालत गेली!”

“तू कधी वाचलंस?”

“वाचायला कशाला हवं? हे इन्शिराहचं आहे! तिचे बाबा, तिचा भात. या इथे, याच खुर्चीत बसून तिने मला सांगितलंय, एकदा नव्हे, वीसदा. शब्दन्‌शब्द तिचा आहे. तो नवरा तिचा कुठून आणणार असं बोलणं? तो ‘भूक लागली’ म्हणायलासुद्धा अर्ज करतो.”

 त्या दिवशी स्वयंपाकघरात तांतच्या हातून कप का फुटला, ते मला आत्ता कळलं.

“माझी चप्पल दे,” आई म्हणाली.

“आई, जिना...”

“एकच मजला आहे. मक्केला नाही निघाले.”

पण रिकाम्या हाताने ती जाणार नव्हती. सकाळची तांदळाची खीर होती, ती आमच्या लाल फुलांच्या ताटलीत ओतली, ताटली माझ्या हातात दिली आणि आई निघाली. एक पायरी चढायची, कठडा धरून थांबायची, माझ्यावर खेकसायची, पुढची पायरी चढायची. मी मागे खीर सावरत. वर पोचेपर्यंत तिचा झगा घामाने भिजला होता. दारावर तिने मुठीनेच थापा मारल्या.

तांत इन्शिराहने दार उघडलं आणि तोंडावर हात ठेवला. “करीमान! तू? जिन्याने?”

“नाही, टोपलीत बसून आले. ती तर आता आमच्याकडे थांबतही नाही.”

तांत रडायलाच लागल्या. “कुठल्या तोंडाने येऊ गं? माझ्या तोंडानेच तर माझ्या माणसाचं पुस्तक बुडालं. सातवं सुचत नव्हतं त्यांना, चिडचिड करत होते, म्हणून मी आपलं बोलत बसले, आणि त्यांनी उतरवून घेतलं. मला काय ठाऊक, ही पोरगी नेमकं त्याच्यावर बोट ठेवील?”

“मग हिला तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“काय सांगू? माझं ते छान आणि माझ्या नवऱ्याचं ते भंगार?”

आतून उस्ताज़ आले. अंगात घोळदार गलाबिया, डोक्यावर लोकरीची टोपी, दाढी वाढलेली. मला वाटलं, आता दार बंद होणार. पण त्यांनी आधी आईसाठी खुर्ची ओढली.

“बसा, करीमान हानिम. दक्तूरा, तूही बस. त्या दिवशीची कॉफी राहिलीय.” मग ते स्वतः समोर टेकले. “मी जन्मभर पेट्या उघडल्या. शंभर पेट्यांतली नेमकी एक उघडणारा अधिकारी कसा असतो, मला माहीत आहे. मी तसा होतो. तू माझ्या पेट्यांतली ती एक उघडलीस, आणि ती माझी नव्हती. मला तुझा राग आला. मग हिचा आला. एवढे दिवस ही घरात बोलत होती आणि मी लेखणी घेऊन खिडकीबाहेर चंद्र शोधत होतो. आता स्वतःचा येतो.”

“अहो, पुरे,” तांत म्हणाल्या.

“पुरे कसं? माझं इतकं मन लावून वाचलं कोणी? छापणाऱ्याने वाचलं नाही, पुतण्याने वाचलं नाही. हिने शेवटच्या पानापर्यंत वाचलं. दक्तूरा, मी तुझे आभार मानायला हवे होते, तर मी समोरच्या दुकानातून गोळ्या आणल्या.”

“त्या महाग पडल्या असतील,” मी म्हणाले.

“पडल्या,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. “आता एक कर. सातव्या प्रकरणाबद्दल ब्लॉगवर लिही, आणि ते हिचं आहे असं लिही.”

“अजिबात नाही!” तांत ओरडल्या. “लोक म्हणतील, नवऱ्याच्या पुस्तकात बायको घुसली.”

मलाही ते पटलं नाही. “उस्ताज़, वर नाव तुमचं आहे. नाव एकाचं आणि कौतुक दुसऱ्याचं, असं मी लिहीत नाही. तांत, तुम्ही पुस्तक करा. तुमच्या नावाचं. मग बघू.”

“मी? मला लिहिता कुठे येतं?”

“मला येतं,” उस्ताज़ म्हणाले. “माझं अक्षर चांगलं आहे. बाकी काही नसलं तरी.”

तांतने कॉफी आणली, आईने खीर सगळ्यांना वाढली, आणि उतरताना आईला उस्ताज़नी एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. आमची ताटली वरच राहिली.

दुसऱ्या दिवशी टोपली आमच्या गॅलरीशी थांबली. हे मला आईने दुकानात फोन करून सांगितलं, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, मोठ्याने ओरडून. “पुदिना आला!” मी काउंटरच्या मागे तोंड फिरवून डोळे पुसले. देवाचे आणि उस्ताज़ इस्मतचे, दोघांचेही आभार मानले. कोणाचे आधी, ते आठवत नाही.

त्यानंतर वरून संध्याकाळी तांतचा आवाज यायचा, मध्येच उस्ताज़चा, ‘हळू बोल, हळू, लिहितोय मी!’ आणि मग भांडण, आणि मग पुन्हा तांतचा आवाज.

वसंत ऋतूत एका रविवारी मी घरी असताना तांत खाली आल्या. हातात आमची लाल फुलांची ताटली. घासून लख्ख केलेली. आणि रिकामी.

आईने ताटलीकडे बघितलं, तांतकडे बघितलं. “इन्शिराह, बरं नाही का तुला? रिकामी ताटली? आमच्या घरी?”

“तू मध्ये पडू नकोस. हे माझं आणि दक्तूराचं काम आहे.” तांत माझ्यासमोर ताठ बसल्या, ओढणी नीट केली, जणू फोटो काढायचाय. “दक्तूरा, माझं पुस्तक अर्धं झालंय. पुरं झालं की तुझ्याकडे येईल. सोबत काही येणार नाही, बिस्किटं नाहीत, मासे नाहीत. यांनी मला तुझी ती पाटी वाचून दाखवली, सगळी, शेवटच्या ओळीपर्यंत.”

इतक्या वर्षांत ती पाटी शेवटपर्यंत वाचलेली ही पहिली लेखिका. मी ताटली दोन्ही हातांनी घेतली. मला आजवर भरलेल्या खूप ताटल्या मिळाल्या, पण इतका मान कशातच नव्हता, आणि ते मी त्यांना तसंच्या तसं सांगितलं.

“ते राहू दे,” तांत म्हणाल्या. “एवढंच लक्षात ठेव. माझ्या तोंडावर उगाच गोड बोललीस, तर पुढच्या वेळी ताटली भरून आणीन.”

आई तोवर किटली ठेवायला उठली होती.